शिष्यऋण मानणारे गुरुजी : हाइनरिख पेस्टालॉझी

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असे आपले पूर्वज मानीत आले. गुरूचे ऋण तर कशानेही फिटत नाही; म्हणून गुरुपौर्णिमेस आपण गुरुजनांना वंदन करतो आणि त्यांच्या वार्धक्यात शाल व श्रीफळ देऊन त्यांचा गौरव करतो. ही रीत उत्तमच आहे. परंतु ज्या लहान मुलांना शिकविता शिकविता शिक्षक हा खरा शिक्षक बनतो, त्या मुलांचेही काही ऋण त्याच्यावर असते की नाही, याचा विचार फारसा झालेला आमच्या पाहण्यात नाही. त्या ऋणास आपल्या भाषेत रूढ असे नावदेखील नाही. आम्ही त्यास शिष्यऋण म्हणतो.

यंदाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील सेवानिवृत्त शिक्षकांच्या सत्काराचा वृत्तांत येणार असल्याने एखाद्या थोर शिक्षकाचे अल्पचरित्र लिहून द्यावे, अशी सूचना मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस केली. तेव्हा स्वित्झर्लंड देशातील योहान हाइनरिख पेस्टालॉझी यांचे नाव आम्हांस सुचले. अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक शिक्षकाने हे नाव परीक्षेपुरते तरी पाठ केलेले असते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठिणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, ही जी सूत्रे आम्ही सर्वांनी पाठाच्या टाचणात वर्षानुवर्षे लिहिली, त्यांच्या मुळाशी या पुरुषाची तपश्चर्या आहे. मात्र ती सूत्रे त्यांना ग्रंथांत सापडली नाहीत. अनाथ व दरिद्री मुलांच्या सहवासात सापडली, आणि याची जाणीव त्यांनी मरेपर्यंत ठेवली. एवढी एक गोष्ट वाचकांच्या मनावर ठसावी, यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

पेस्टालॉझी यांचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजी झ्यूरिख शहरी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते निवर्तले. मृत्युशय्येवर असताना त्यांनी घरातील बाबेली नावाच्या मोलकरणीस जवळ बोलावून, आपल्या पत्नीला व मुलांना सोडून जाऊ नकोस, अशी विनंती केली. त्या अशिक्षित बाईने तो शब्द जन्मभर पाळला. घरात पैशाची ओढाताण एवढी, की कपडे व जोडे लवकर झिजू नयेत म्हणून ती मुलांना बाहेर खेळावयासदेखील सोडीत नसे. घरकोंबडा वाढल्यामुळे बाल हाइनरिख शाळेत गबाळा व वेंधळा ठरला. सोबती त्याला नावे ठेवून हसत. तथापि, सुटीत तो आजोबांकडे जाई. आजोबा झ्यूरिखजवळील हॉंग या खेड्यात धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर गरिबांच्या झोपड्यांतून हिंडताना त्याने जे दैन्य पाहिले, ते त्याच्या काळजात कायमचे रुतून बसले. एका मोलकरणीची निष्ठा आणि झोपडीतील मुलांचे मलूल चेहरे, हीच त्यांची पहिली पाठ्यपुस्तके होत.

तरुणपणी त्यांनी रूसो या तत्त्वज्ञाचे ग्रंथ वाचले, देशसुधारणेच्या चळवळीत भाग घेतला व त्यापायी काही दिवस अटकही सोसली. पुढे शेतीचे शिक्षण घेऊन १७६९ मध्ये त्यांनी आना शुल्टहेस या सुशिक्षित तरुणीशी विवाह केला. ती त्यांच्याहून वयाने आठ वर्षांनी मोठी होती आणि तिच्या आईवडिलांचा या लग्नास विरोध होता. बिर या गावाजवळ जमीन घेऊन त्यांनी घर बांधले व त्यास नॉयहोफ, म्हणजे नवे शेतघर, असे नाव दिले. शेती साधली नाही. तेव्हा १७७४ च्या सुमारास भीक मागत फिरणारी व मजुरीला जुंपलेली मुले त्यांनी आपल्या घरी आणली. मुलांनी शेतात राबावे, सूत कातावे आणि हात कामात असतानाच तोंडाने वाचन व हिशेब शिकावे, अशी ती योजना होती.

या प्रयोगाविषयी त्यांनी १७७८ मध्ये एक वृत्तांत छापून प्रसिद्ध केला. वर्गणीदारांपुढे ठेवावयाचा वृत्तांत म्हटला की जमाखर्चाचे आकडे आपण समजू शकतो. परंतु पेस्टालॉझींनी त्यात एकेका मुलाचे नाव, वय, आल्या वेळची अवस्था, त्याची बुद्धी, त्याचा स्वभाव व त्याने केलेली प्रगती यांची नोंद दिली. ज्यांना गावात कोणी नावाने हाक मारीत नव्हते, त्या भिकाऱ्यांच्या पोरांची नावे प्रथमच छापून आली. हजेरीपटावर नाव लिहिणे निराळे आणि त्या नावामागील मूल ओळखणे निराळे, हा भेद शिक्षकाला ज्या दिवशी उमगतो त्या दिवशी तो शिक्षक होतो, असे आमचे मत आहे.

दुर्दैवाने हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. पत्नीची मालमत्ताही त्यात गेली आणि १७८० मध्ये संस्था बंद करावी लागली. पुढील अठरा वर्षे त्यांनी दारिद्र्यात व बरेचसे लेखन करीत काढली. लीनहार्ट आणि गेर्ट्रूड ही त्यांची कादंबरी १७८१ मध्ये प्रसिद्ध होऊन लोकप्रिय झाली. आपल्या मुलांना घरीच वळण लावणारी एक सुज्ञ खेडूत माता तिची नायिका आहे. फ्रान्सच्या क्रांतिकारी सभेने १७९२ मध्ये त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. मान मिळाला, नाव झाले. पण ज्या कामासाठी जीव तळमळत होता ते काम मात्र हाती नव्हते.

ते काम मिळाले एका भीषण आपत्तीतून. सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने श्टान्स व त्याच्या आसपासच्या मुलुखातील बंड चिरडून टाकले. घरे जळाली, माणसे मारली गेली, मुले उघड्यावर पडली. सरकारने तेथील एका मठाच्या इमारतीत अनाथालय काढण्याचे ठरविले आणि पेस्टालॉझींनी ती जबाबदारी आनंदाने पत्करली. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्नाच्या घरात होते. या वयात पुष्कळ माणसे निवृत्तीचे बेत करू लागतात. त्यांनी त्या वयात आपल्या आयुष्यातील पहिला खरा वर्ग हाती घेतला.

जानेवारी १७९९ मध्ये मुले येऊ लागली. इमारतीचे काम पुरे झालेले नव्हते. स्वयंपाकघर नाही, पुरेशा खोल्या नाहीत, बिछाने नाहीत. मुलांच्या अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोटे खपाटीला गेलेली. कित्येकांच्या नजरेत भीती, तर कित्येकांच्या नजरेत उर्मटपणा. पुढे ही संख्या ऐंशीच्या आसपास गेली. मदतीला घरकाम पाहणारी एक बाई. बाकी सर्व भार पेस्टालॉझी यांच्या एकट्याच्या शिरावर. ते मुलांबरोबर जेवत, त्यांच्यातच निजत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, सकाळी सर्वांत आधी उठत व रात्री सर्वांच्या मागून डोळा मिटीत. भोवतालचे लोक कॅथलिक पंथाचे, तर हे प्रॉटेस्टंट पंथाचे, आणि ज्या सरकारने गाव जाळले त्याच सरकारने पाठविलेले. लोकांच्या मनात त्यांच्याविषयी विश्वास कसा असावा? परंतु मुलांना या भेदांशी कर्तव्य नव्हते. आपल्यासाठी रात्रंदिवस खपणारा हा मनुष्य आपला आहे, हे त्यांनी मोठ्यांच्या आधी ओळखले.

हाताशी शिक्षक नव्हते, पुस्तके नव्हती. म्हणून ज्याला दोन अक्षरे आली त्या मुलाला त्यांनी ती न येणाऱ्याच्या शेजारी बसविले. त्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर पडला आणि शिकणे सुरू झाले. ऐंशी मुलांना एकाच वेळी शिकवावयाचे तर विषयाचे अगदी लहान लहान तुकडे करावे लागतात, एकेक पायरी मूल चढले की नाही हे पाहूनच पुढे जावे लागते, आणि जे डोळ्यांनी पाहता व हातांनी चाचपता येते त्यापासूनच आरंभ करावा लागतो, हे त्यांना या मुलांनी शिकविले. आज शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात जी तत्त्वे मोठ्या अक्षरांत छापलेली असतात, त्यांचा उगम त्या गळक्या मठातील गरजेत आहे.

याच काळातील एक प्रसंग आम्हांस विशेष हृदयस्पर्शी वाटतो. एप्रिल १७९९ मध्ये शेजारचे आल्टडॉर्फ हे गाव आगीत भस्मसात झाले. पेस्टालॉझींनी मुलांना भोवती जमविले आणि तेथील निराश्रित मुलांपैकी वीसेक मुलांना आपल्याकडे आणावे काय, असे विचारले. मुलांनी एकमुखाने होकार दिला. तेव्हा त्यांनी मुलांना नीट विचार करावयास सांगितले. पैसा फार थोडा आहे, नवी मुले आली तर काम अधिक करावे लागेल, ताटात कमी पडेल, अंगावरचे कपडेदेखील वाटून घ्यावे लागतील, हे सर्व त्यांनी उघड करून सांगितले. तरीही मुले आपल्या शब्दावरून हटली नाहीत. तीन महिन्यांपूर्वी जी पोरे भाकरीच्या तुकड्यासाठी एकमेकांच्या अंगावर धावत होती, ती आज न पाहिलेल्या मुलांसाठी आपल्या घासातला घास द्यावयास सिद्ध झाली. पेस्टालॉझींनी हा प्रसंग पुढे आपल्या एका मित्राला लिहिलेल्या सविस्तर पत्रात नमूद केला आहे. चांगुलपणा मुलाच्या ठायी असतोच, त्याला फक्त वाव हवा, ही त्यांची श्रद्धा होती. तिचा पुरावा त्यांच्या पदरात या मुलांनी घातला.

८ जून १७९९ रोजी सैन्याच्या इस्पितळासाठी इमारत रिकामी करण्याचा हुकूम आला. अवघ्या पाच महिन्यांत सर्व आटोपले. बहुतेक मुले पांगली. पेस्टालॉझी यांच्या थुंकीतून रक्त पडू लागले होते; विश्रांतीसाठी त्यांना गुर्निगेल या डोंगरावरील ठिकाणी जावे लागले. जगाच्या दृष्टीने हा त्यांचा आणखी एक पराभव होता. परंतु त्या पाच महिन्यांतील मुले त्यांच्या मनातून कधीच पांगली नाहीत.

प्रकृती थोडी सुधारताच ते बुर्गडॉर्फ या गावी गेले. तेथे एका चांभाराच्या घरी गरिबांच्या मुलांची शाळा भरत असे. तो चांभार जोडे शिवता शिवता मुलांना शिकवी. नामांकित ग्रंथकार असलेल्या पेस्टालॉझींनी त्याच्या हाताखाली वर्ग मागून घेतला. ते ओरडून ओरडून शिकवीत, पुस्तकाला हात लावीत नसत, भिंतीवरील जुन्या फाटक्या कागदाकडे बोट दाखवून त्यातील भोके, रेघा व आकृत्या यांचे वर्णन मुलांकडून करून घेत. चांभाराला हे रुचले नाही. पालकांनाही आपल्या मुलांवर प्रयोग नको होते. तेव्हा ते एका बाईंच्या बालवर्गात गेले. तेथे आठ महिन्यांनंतर, मार्च १८०० मध्ये, तपासणी झाली आणि इतकी लहान मुले वाचन, लेखन व गणितात एवढी पुढे गेलेली पाहून तपासनीस थक्क झाले. लवकरच त्यांना गावच्या किल्ल्यात शाळेसाठी जागा मिळाली. १८०१ मध्ये गेर्ट्रूड आपल्या मुलांना कसे शिकविते हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक पुत्र याकोब दीर्घ आजाराने वारला. घरचे मूल गेले. शाळेतील मुले राहिली.

राजकीय उलथापालथीमुळे बुर्गडॉर्फचा किल्ला सोडावा लागला व १८०५ पासून इव्हर्डन येथील किल्ल्यात त्यांची संस्था स्थिरावली. तेथील वीस वर्षे त्यांच्या कीर्तीची होत. बालोद्यान पद्धतीचे प्रवर्तक फ्रोबेल तेथे १८०८ ते १८१० या काळात राहून शिकले; रॉबर्ट ओवेन शाळा पाहून गेले; प्रशिया सरकारने आपले तरुण शिक्षक तेथे धाडले. पाहुण्यांची नुसती रीघ लागली होती. पण गुरुजी मात्र पूर्वीचेच राहिले. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर देवीचे व्रण, गळपट्टा सुटलेला, मोजे घसरून जोड्यांवर आलेले, अशा वेषात ते वर्गावर्गांतून फिरत आणि मुले त्यांना बाबा पेस्टालॉझी म्हणून हाक मारीत.

या संस्थेतील दोन विद्यार्थ्यांचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. पहिला योहानेस राम्झाउअर. दुष्काळ व युद्ध यांनी गांजलेल्या आपेन्झेल प्रांतातून जी गरीब मुले १८०० मध्ये बुर्गडॉर्फला आणली गेली, त्यांत हा दहा वर्षांचा मुलगा होता. पुढे तो तेथेच शिक्षक झाला. त्याने आपल्या आठवणी लिहिल्या आहेत व त्यांत गुरूचे दोष झाकलेले नाहीत. शाळेत वेळापत्रक नव्हते, धडे पद्धतशीर नव्हते, गुरुजींचा आवाज दुपारपर्यंत बसून जाई, हे सर्व त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. आणि तरीही त्या माणसाच्या प्रेमाने आपल्याला घडविले, हेही सांगितले आहे. दुसरा याकोब श्टायनर. हा शेतकऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता येत नव्हते. अठराव्या वर्षी तो इव्हर्डनला आला. फी देण्याची ऐपत नव्हती, तरी त्याला ठेवून घेतले. तोच पुढे बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि भूमितीच्या इतिहासात अमर झाला.

१८१४ च्या आरंभी इव्हर्डनचा किल्लाही सैन्याच्या इस्पितळासाठी घेण्याचा बेत झाला. श्टान्सची पुनरावृत्ती होणार, हे दिसताच अडुसष्ट वर्षांचे पेस्टालॉझी बाझल येथे जाऊन रशियाचे सम्राट अलेक्झांडर यांना भेटले. आपल्या शाळेविषयीचे गाऱ्हाणे सांगता सांगता ते शिक्षणसुधारणा व शेतकऱ्यांची गुलामगिरी यांवरही बोलू लागले, आणि बोलण्याच्या भरात पुढे पुढे सरकत सम्राटांना भिंतीपर्यंत मागे घेऊन गेले, अशी कथा प्रसिद्ध आहे. शाळा वाचली. पंधरा वर्षांपूर्वी ऐंशी मुलांसाठी जे करता आले नव्हते, ते या वेळी साधले.

डिसेंबर १८१५ मध्ये पत्नी आना निवर्तल्या. त्यांच्या पश्चात शिक्षकांमध्ये तट पडले, भांडणे कोर्टापर्यंत गेली. त्या कटू कथेत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे, की १८१८ मध्ये आपल्या समग्र ग्रंथांच्या वर्गणीतून पैसा येणार असे दिसताच बहात्तर वर्षांच्या या वृद्धाने तो गरीब मुलांच्या शाळेसाठी जाहीर केला व इव्हर्डनजवळ क्लिंडी येथे ती शाळा काढली. जन्मभर पैशाची चणचण सोसलेल्या मनुष्याच्या हाती पैसा येण्याचा योग आला, तेव्हा त्याला पहिली आठवण झाली ती नॉयहोफ व श्टान्स येथील मुलांची. ऋण फेडणे म्हणतात ते हे.

१८२५ मध्ये इव्हर्डनची संस्था बंद करून ते नॉयहोफला नातवाजवळ परतले. पुढल्या वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते ऱ्हाइन नदीकाठच्या बॉयगेन येथील अनाथ मुलांची शाळा पाहावयास गेले. मुलांनी त्यांच्याच कादंबरीत आलेले एक गीत त्यांना गाऊन दाखविले आणि ओक वृक्षाच्या पानांची गुंफलेली माळ त्यांच्यापुढे धरली. युरोपात सन्मानाची ती मोठी खूण समजतात. वृद्ध गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी ती माळ स्वीकारली नाही. हा मान आपला नव्हे, तो मुलांच्या निष्पाप मनाचा आहे, असे म्हणून त्यांनी ती परत केली. त्यांच्या सर्व ग्रंथांचे सार या एका कृतीत आहे, असे आम्हांस वाटते.

१७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे त्यांचे देहावसान झाले. बिर येथील खेड्यातल्या शाळेजवळ त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १८४६ मध्ये, आरगाउ प्रांताने त्याच ठिकाणी नव्या शाळेच्या भिंतीवर त्यांचे स्मारक उभारले. आजही गुरुजी शाळेच्या सावलीतच विसावले आहेत.

आता दोन शब्द आमच्या अनुभवाचे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून आमचे सारे आयुष्य गेले. आम्ही केवळ मॅट्रिक व ट्रेनिंग झालेले. आमच्याजवळ मोठी विद्या नव्हती. जी काही शिकविण्याची हातोटी आली, ती पहिली-दुसरीच्या मुलांनी दिली. हातचा घेणे म्हणजे काय, हे आम्ही फळ्यावर कितीदा सांगितले तरी ज्यांना कळेना, त्यांनीच एके दिवशी चिंचोक्यांच्या दहा-दहांच्या पुरचुंड्या बांधून ते एकमेकांना समजावले. पुढील सर्व वर्षे आम्ही तसेच शिकविले. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या मुलींनी आम्हांस धीर म्हणजे काय ते शिकविले. त्यांतील कोणी आज शेती करतात, कोणी एस. टी. त कंडक्टर आहेत, कोणी दवाखान्यात परिचारिका आहेत. वाटेत भेटले की ते वाकून नमस्कार करतात, आणि नमस्कार आपणच करावयास हवा होता, असे आमच्या मनात येते. हा लेख म्हणजे त्यांना आमचा नमस्कार समजावा.

ज्ञातिबंधु-भगिनींनो, या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहाल, व पाहावीतच. परंतु जी मुले चौथी-सातवीतच शाळेबाहेर पडली, ज्यांचे छायाचित्र कोणत्याही स्मरणिकेत येत नाही, त्यांच्यापासूनच शिक्षक सर्वांत अधिक शिकतो, हे पेस्टालॉझींचे चरित्र सांगते. दुसरी गोष्ट अशी की, आमच्या वर्गात केवळ आपल्या ज्ञातीची मुले नव्हती. गावातील सर्व जातिधर्मांची होती. तेव्हा आमच्यावरील ऋणही एका ज्ञातीचे नाही. श्टान्सच्या मुलांनी आल्टडॉर्फच्या मुलांना घासातला घास देऊ केला, तो काही त्यांचे कुळ विचारून नव्हे.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही नम्रपणे एक सूचना ठेवतो. सत्काराच्या वेळी शिक्षकांना जे मानधनाचे पाकीट देण्यात येते, ते ज्याने त्याने आपण शिकविलेल्या शाळेकडे पाठवावे व तेथील अत्यंत गरजू मुलांच्या वह्या-दप्तरांसाठी ते जात न पाहता खर्चावे, असा प्रघात पडावा. यंदा आमचाही सत्कार योजिलेला आहे. आमचे पाकीट आम्ही त्याप्रमाणे पाठविणार आहोत. शाल मात्र ठेवून घेऊ. थंडीच्या दिवसांत ती उपयोगी पडते, आणि पांघरताना कोणाचे देणे आपल्या अंगावर आहे, याची आठवणही राहील.

इति शम्.